कानबाईचा हांडवा

सासूबाईंनी फडताळातून मिठाची बरणी काढली, मूठभर मीठ तळहातावर घेतलं, आणि तेवढ्यात दारातून माझ्या दिराने विचारलं, "माय, गोयी लिधी का?"

गोळीचं विचारल्यावर सासूबाई वळल्या. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दुधी किसत होते. वर पाहिलं तेव्हा बरणी झाकण लावून पुन्हा फडताळात गेली होती आणि त्या कोपरापर्यंत हात घालून पातेल्यातलं पीठ ढवळत होत्या. मधल्या वेळात हातातलं मीठ पातेल्यात पडलं का, ते मी पाहिलं नाही. किसणीवर बोटं असताना माणूस बोटांकडे बघतो. पण त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही.

कुणीही म्हणेल, त्यात काय, बोट बुडवून चाखायचं. तेच तर करता येत नव्हतं. तो श्रावणातला कानबाईचा रविवार होता. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. आमच्या तळोद्याच्या घरी तेव्हा सगळी भावकी जमते. निम्मी भावकी पोटासाठी सुरतेला गेलेली, ती खापरच्या रस्त्याने गाड्या भरभरून येते. रविवारी संध्याकाळी देवीला रोटांचा नैवेद्य, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन, आणि नदीवरून परत आलेलं भुकेलं गणगोत नाश्ता करून आपापल्या गाडीत बसतं. रविवारी आरती होईपर्यंत आम्हा बायकांचे उपवास. सासूबाईंचा नियम त्याहून कडक. त्या दिवशी घरात जे होईल ते सगळं देवीचं. सोमवारी तिचा पाट हलेपर्यंत नाश्त्याच्या कणालाही कुणी तोंड लावायचं नाही. मी शाळेत शिकवते, फार देवभोळी नाही. पण कानबाईला फसवायची माझीही छाती नाही.

नाश्ता म्हणजे हांडवा. सासूबाईंचं माहेर खापरच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून. हांडवा त्या तिकडून घेऊन आल्या. तांदूळ आणि डाळींचं भरड पीठ शनिवारी संध्याकाळी आंबट ताकात भिजवायचं, रविवारी सकाळी त्यात दुधी, आलं-मिरची, हळद, मीठ घालून सारखं करायचं आणि दुपारी बेकरीच्या भट्टीत भाजून आणायचं. दिवाळीत आपला रवा-तूप देऊन नानकटाई भाजून आणतात ना, तसंच. रविवारी घरची शेगडी आणि चूल रोटांना आणि पुरणालाच पुरत नाहीत, म्हणून ही सोय. सोमवारी उठून फक्त सुरी फिरवायची. हांडवा गार झाला की उलट जास्त चांगला लागतो, आणि एवढ्या लोकांना गरम पोहे वाढत बसायचं म्हणजे देवी राहिली बाजूला.

आता मीठ राहिलं असलं तरी एवढा जीव का घाबरा व्हावा? कारण त्या हांडव्यावर सासूबाईंचं तळोद्यातलं राहणं ठरायचं होतं, आणि तसं मीच ठरवून बसले होते.

त्या वर्षी त्यांचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, किल्ल्या. मग एकदा दूध गॅसवर ठेवून त्या शेजारी गेल्या आणि पातेलं जळून कोळसा झालं. मग बाजारातून येताना भलत्याच गल्लीत वळल्या आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहिल्या. ओळखीच्या भाजीवालीने घरी आणून सोडलं. सुरतेला दिराला हे कळलं आणि त्याचे रोज फोन सुरू झाले. दीर वाईट माणूस नाही. कापडबाजारात नोकरी, वरच्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरीला जाळी, दिवसभर आईजवळ बसायला बाई ठेवायची तयारी. "वहिनी, तुम्ही दोन्ही नोकरीवर जातस. माय घरमा एकटी. एक दिन घर पेटी जाई," तो म्हणायचा. माझा नवरा म्हणायचा, "बघू." माझा नवरा जन्मभर "बघू" म्हणत आला आहे.

मी मात्र सासूबाईंना ओळखून होते. त्यांना जाळीच्या आड खुर्चीत बसवून हातात टीव्हीचा रिमोट दिला असता, तर त्या चार दिवसांत अंथरुणाला खिळल्या असत्या. सकाळी उठून चहाचं आधण ठेवायला मिळालं नाही तर त्यांना आपण उठलो आहोत हेच खरं वाटत नाही. एकदा फोनवर दीर फारच लावून धरायला लागला तेव्हा माझा पारा चढला आणि मी बोलून गेले, "कानबाईना सगळा हांडवा मायच करी. त्यामा एक बी चूक निंघनी, ते लई जा तुम्ही सुरतले. मी एक शब्द बोलाव नही."

"ठीक शे," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय गरज व्हती?" गरज नव्हतीच. पण माझ्या तोंडाला कडी कधी लागली आहे?

सासूबाईंनाच विचारावं, तर तीही सोय नव्हती. गोळी घेतली का, गॅस बंद केला का, आज वार कोणता, असं सगळे त्यांना दिवसभर विचारत असत. आदल्याच आठवड्यात त्यांनी ताट आपटून सांगितलं होतं, "मी काय शाळामा शे का? रोज मन्ही परीक्षा लेतस!" तेव्हापासून मी विचारणं सोडलं होतं. त्यात दीर शनिवारपासून स्वयंपाकघराच्या आसपासच घुटमळत होता. पाणी प्यायला यायचा आणि पेला हातात धरून आईच्या हातांकडे बघत उभा राहायचा. त्याच्या देखत मी मिठाचं नुसतं नाव काढलं असतं तरी निकाल तिथेच लागला असता.

अंदाजाने थोडं घालावं, तर आधीच पडलेलं असलं म्हणजे हांडवा खारट, आणि खारटाला इलाज नाही. बरणीत डोकावून काही समजेना. पुरणाच्या गडबडीत तिच्यात कितीजणींचे हात गेले होते कोण जाणे. आणि सासूबाई पातेल्यापासून हलत नव्हत्या. झाकणावर हात ठेवून पाटावर बसल्या त्या बसल्याच. कानबाई पुढच्या खोलीत, आणि ही दुसरी आत, असं मला वाटून गेलं.

दुपारी पातेलं लोटगाडीवर चढलं. दीर म्हणाला, "माय, तू नको जाऊ. मी जास." सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला आणि लोटगाडीमागे चालायला लागल्या. त्यांच्यामागे मी. मला ते बरंच झालं. दिराच्या नजरेआड काहीतरी करता येईल अशी आशा होती.

बेकरी दोन गल्ल्या सोडून. मालकाचे आजोबा याच भट्टीवर पाव भाजायचे, आता तो भाजतो. सकाळचा पाव निघून गेला की भट्टी उतरते, हांडव्याला तसलीच आच लागते. मालकाने सासूबाईंना पालथ्या क्रेटवर पोतं टाकून बसवलं आणि ट्रेंना तेल लावायला घेतलं. पीठ ओतायच्या निमित्ताने मी त्याच्याजवळ सरकले आणि हळूच म्हटलं, "भाऊ, जराखं जिभवर ठेवीसन देखा ना. मीठ शे का नही, तेवढं सांगा."

त्याचा हात थांबला. "कानबाईना हांडवा ना भाभी हाऊ?"

"हा."

"मंग मी कसा चाखू? तुम्हना घरमा आजून कोनी तोंड लायं नही."

"तुम्हले कोठे उपास शे?"

"उपास मले नही, पन मान ते तिना शे ना. मन्हा आजानी बी कधी चाखं नही." आणि त्याने मान हलवून पुन्हा तेलाचं फडकं फिरवायला सुरुवात केली.

मला त्या घटकेला त्याच्या भलेपणाचा इतका संताप आला की काय सांगू. चाखायला मोकळा असा एक माणूस मिळाला, तर तो आमच्याच देवीचा मान राखून बसलेला. हात जोडायचे तेवढे मी बाकी ठेवले होते.

"काय इचारी ऱ्हायनी त्याले?" मागून सासूबाईंचा आवाज आला.

"आच इचारी, आत्याबाई."

"आच मले समजस. तू बठ."

मी बसले. त्यांनी प्रत्येक ट्रेवर स्वतः तीळ पेरले. ट्रे आत गेले. त्या भट्टीच्या तोंडाकडे बघत बसल्या आणि मधूनच म्हणायच्या, "मांगला पुढे कर," "तो आते काढ." मालक मुकाट्याने लांब दांड्याचं फावडं आत घालायचा आणि ट्रे बाहेर यायचा तो कडेपर्यंत बदामी. इथे त्या काही म्हणजे काही विसरल्या नव्हत्या. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सगळं एवढं बरोबर होत असताना मूठभर मिठाने घात केला तर? ट्रे गार होत होते तेव्हा मी त्यांच्यावर वाकून वेड्यासारखा वास घेत होते. तीळ कळत होते, आंबूस पीठ कळत होतं, मिरची कळत होती. मिठाला वास नसतो हे एरवी मला माहीत आहे.

घरी आल्यावर सासूबाईंनी ट्रे ओसरीतल्या बाकावर मांडायला लावले, वरून धुतलेलं धोतर टाकलं आणि त्याची टोकं बाकाच्या पायांना स्वतः बांधली. संध्याकाळी आरती झाली, रोट खाऊन आम्ही उपवास सोडले, बायकांची गाणी सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होते आणि माझं लक्ष ओसरीकडे होतं. बाकाला खेटूनच दिराची खाट होती. नवऱ्याला बाजूला घेऊन मी सगळा प्रकार सांगितला. तो नेहमीचं म्हणाला, "बघू सकाळी."

सकाळी पाट हलला. कानबाई डोक्यावर घेऊन बायका निघाल्या, पुढे बँड, मागे सगळी गल्ली. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना नदीपर्यंत जाणं होत नाही. त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन हात जोडून परत येतात आणि दारापुढच्या ओट्यावर बसतात. मी नाश्त्यासाठी मागे राहिले. दीरही मागे रेंगाळला होता. मी ओसरीतून पाहिलं तर त्याच्या गाडीची डिकी उघडी आणि तो सासूबाईंची हिरवी थैली आत सारत होता. वर त्यांची घडी घातलेली नेहमीची शाल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आजून नाश्ता व्हयना नही, भाऊ."

"दुपारले निंघनं शे, वहिनी. तयारी नको का?"

"तुम्हले ती चुकनीच पाहिजे."

त्याने डिकी लावली. "मी काय तिना दुश्मन शे का?" तो म्हणाला. आवाज जरा चिरकला त्याचा. मग नदीच्या दिशेने भराभर चालत गेला.

सासूबाई ओट्यावर पाठमोऱ्या बसून लांब जाणारा बँड ऐकत होत्या. मी धोतराच्या गाठी सोडल्या, पहिल्या ट्रेवर सुरी फिरवली आणि कोपऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. कड कुरकुरीत, आत मऊ. आधी आंबटपणा आला, मग दुधीचा गोडवा, मग मिरची. मग काहीच नाही. जीभ वाट बघत राहिली. मीठ नव्हतं.

रडायलाही वेळ नव्हता, बँडचा आवाज नदीवर थांबला होता. एवढं सुचलं की चटणी करावी, झणझणीत आणि खारट, आणि प्रत्येक तुकड्याला माझ्याच हाताने लावून द्यावी. लसूण, लाल मिरची, शेंगदाणे मिक्सरमध्ये टाकले आणि मिठाची बरणी घ्यायला फडताळात हात घातला. बरणीच्या मागे बोटांना ओलं लागलं. बरणी उचलून पाहिलं तर तिथे मुठीएवढी मिठाची ढिगळी होती, पावसाळी हवेने पाणी सुटलेली. "गोयी लिधी का" म्हणून हाक आली तेव्हा सासूबाईंनी हातातलं मीठ तिथे ठेवलं होतं. दिराच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हात मोकळा केला आणि पुन्हा भरायचा राहून गेला. मी चटणीत मीठ घातलं, ताकात घातलं, आणि दातओठ खाऊन मिक्सर फिरवला.

मंडळी आली ती ओल्या पायांनी, भुकेने कावलेली. मी वाढायला उभी राहिले आणि कुणी नको म्हणायच्या आत तुकड्यावर चटणी थापत गेले. चुलत सासरे मिटक्या मारत म्हणाले, "आवंदा चटनी भारी शे व!" कुणी काही बोललं नाही. ताकाचा हंडा अर्धा झाला. मला वाटलं, निभावलं.

मग दीर आला. त्याला पित्ताचा त्रास, तिखट चालत नाही, हे मी साफ विसरले होते. त्याने माझ्या हाताची वाट न बघता शेवटच्या ट्रेमधून दोन कोरे तुकडे उचलले आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसला. "भाऊ, ताक ल्या," म्हणत मी पेला घेऊन धावले. उशीर झाला होता. त्याने घास घेतला होता. तो चावता चावता थांबला आणि त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी पेल्यात पाहिलं. आता तो बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार, आणि मीच शब्द दिलेला. कान तापले माझे.

त्याने घास गिळला. दुसरा घेतला. मान खाली घालून तो तुकडा त्याने संपवला, बोटाला लागलेले तीळसुद्धा खाल्ले आणि दुसरा तुकडा उचलला.

तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे करून त्याच्या ताटलीतला कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. लेकाच्या ताटलीतलं खायची त्यांची जुनी सवय.

"यामा मीठ नही शे," त्या म्हणाल्या.

मोठ्याने म्हणाल्या. अशा वेळी आमची भावकी एकदम फार मन लावून खायला लागते.

त्यांनी माझ्या चटणीच्या भांड्याकडे पाहिलं, ताकाच्या हंड्याकडे पाहिलं, आणि लेकाकडे वळल्या. "तू कसा खाई ऱ्हायना मंग?"

"भूक लागेल व्हती," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

सासूबाईंना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलं आहे हे बघणं मला मिठापेक्षा जड गेलं. मग गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. "मन्ही थैली गाडीमाईन काढ," त्या म्हणाल्या. "मी इसरस, पन आंधयी नही शे."

दिराने माझ्याकडे पाहिलं.

"मीठ हाई टाकी," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "गॅस बी हाईच लावी. बाकीनं मी करसू. जा, काढ थैली."

तो गेला. थैली घेऊन दारात आला आणि आत यावं की नाही न कळून तसाच उभा राहिला. "वहिनी, तुम्ही टाकशात ना?" त्याने विचारलं. फडताळातल्या ढिगळीची गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. तुमच्या त्या एका प्रश्नाने घात केला, असं त्याला सुनवायचं मी सकाळपासून ठरवलं होतं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि "टाकसू" एवढंच म्हटलं. दुपारी गाड्या गेल्यावर मी फडताळ ओल्या फडक्याने पुसून काढलं.

तेव्हापासून मिठाची बरणी माझ्या ताब्यात आहे. सासूबाई भाजी चिरतात, फोडणीचं काढून ठेवतात, पीठ मळतात आणि दर खेपेला विचारतात, "मीठ टाकं का?" परीक्षा आता माझी असते. कधीकधी मीच विसरते आणि मग दोन्ही वेळच्या जेवणाला ऐकून घेते. दीर जमेल तसा येतो, एक-दोन दिवस राहतो. गोळीचं विचारायचं त्याने सोडलं आहे. गोळी आणि पाण्याचा पेला नुसता समोर धरतो.

गेल्या कानबाईला हांडव्याचं पीठ त्यांनीच कालवलं. आताशा त्यांना नातवंडांची नावं आठवत नाहीत, माझ्या नवऱ्याला त्या कधी कधी त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. कोपरापर्यंत हात घालून त्या पीठ ढवळत होत्या, मी शेजारी दुधी किसत होते आणि दीर दारात होता. ढवळता ढवळता त्या थांबल्या आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तू कोन शे व?" त्यांनी विचारलं.

दिराने तोंड फिरवलं. सून म्हणावं, तर कुणाची सून ते सांगावं लागलं असतं.

"मीठ टाकनारी," मी म्हटलं.

"टाक मंग," त्या म्हणाल्या, आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.